नाव एकाचं, भिंत दुसऱ्याची : इजिप्तची देवळं आणि ती बांधणारे राजे कसे ओळखावेत

इजिप्तमधल्या लक्सर शहरात पहिल्यांदा गेलो तेव्हा आमच्या गटाला तिथला कर्नाकचा प्रचंड देवळांचा परिसर बघायला दीड तास मिळाला होता. गाईड झेंडी उंचावून पुढे, आम्ही घाम पुसत मागे. कुठल्याही खांबाकडे बोट दाखवून विचारलं तरी उत्तर एकच, "रामसेस!" परत आल्यावर फोटो लावायला बसलो आणि लक्षात आलं की चारशे फोटोंपैकी एकाखालीही मला खात्रीने राजाचं नाव लिहिता येत नाहीये. दुसऱ्या खेपेला गाईड घेतला नाही. त्याऐवजी महिनाभर रोज रात्री अर्धा तास अभ्यास केला. त्यातून जी पद्धत बसली ती इथे देतो. चित्रलिपी वाचता येण्याची गरज नाही. सात-आठ खुणा आणि थोडा संशयी स्वभाव पुरतो.

संशयी अशासाठी, की इजिप्तमध्ये भिंतीवर ज्याचं नाव आहे त्यानेच ती भिंत बांधली असं धरून चालत नाही. आपल्याकडे जीर्णोद्धार करणारा निदान स्वतःची वेगळी पाटी लावतो. तिथे पुष्कळदा आधीच्याची पाटी खरवडून तिच्यावरच आपलं नाव कोरलं जाई.

पायरी १ : घरून निघण्याआधी सात नावं पाठ करा

राजाचं नाव लांबट अंडाकृती चौकटीत कोरलेलं असतं. तिला कार्टूश म्हणतात. प्रत्येक राजाच्या सहसा दोन कार्टूश शेजारी शेजारी दिसतात. ज्याच्या आधी एक रोप आणि मधमाशी आहे ते राज्याभिषेकाचं नाव. ज्याच्या आधी बदक आणि सूर्याचं वर्तुळ आहे ते जन्मनाव. बदक म्हणजे 'पुत्र', वर्तुळ म्हणजे सूर्यदेव 'रे', म्हणजे 'रेचा पुत्र'.

जन्मनावाच्या मागे लागू नका. रामसेस नावाचे अकरा राजे झाले, थुटमोस चार, अमेनहोटेप चार. राज्याभिषेकाचं नाव मात्र वेगवेगळं असतं आणि वहीत सहज काढता येतं:

- थुटमोस तिसरा (मेन-खेपेर-रे) : सूर्य, सोंगट्या मांडलेला पट, शेणकिडा.
- हॅटशेप्सूट, राजा म्हणून राज्य केलेली स्त्री (मआत-का-रे) : सूर्य, डोक्यावर पीस खोचून बसलेली मआत देवी, वर उचललेले दोन हात.
- अमेनहोटेप तिसरा (नेब-मआत-रे) : सूर्य, मआत, पसरट टोपली.
- तुतानखामून (नेब-खेपेरू-रे) : सूर्य, शेणकिडा, तीन रेघा, टोपली.
- सेती पहिला (मेन-मआत-रे) : सूर्य, मआत, सोंगट्यांचा पट.
- रामसेस दुसरा (उसेर-मआत-रे सेतेप-एन-रे) : सूर्य, प्राण्याचं डोकं असलेली काठी, मआत, आणि शेपटाला आणखी एक सूर्य, सुताराचा वाकस, पाण्याची नागमोडी रेघ.
- रामसेस तिसरा (उसेर-मआत-रे मेरी-आमून) : सुरुवात हुबेहूब दुसऱ्या रामसेससारखी, शेपूट वेगळं.

सूर्य लिहिताना आधी येतो आणि वाचताना शेवटी. देवाला मान म्हणून त्याला वर बसवायचं, एवढंच कारण. शेवटच्या दोघांत गल्लत होणारच. तिसऱ्या रामसेसने थोर पूर्वसुरीचं नाव मुद्दामच उचललं होतं. दोघांचं रक्ताचं नातं होतं असं खात्रीने सांगता येत नाही, भक्ती मात्र होती. शेपूट तपासल्याशिवाय निकाल देऊ नका.

चिन्हांची दिशाही बघून ठेवा. पक्षी आणि माणसं ज्या बाजूला तोंड करून असतील त्या बाजूने वाचायला सुरुवात करायची.

पायरी २ : कर्नाकपासून सुरुवात करू नका

हा माझा सगळ्यात ठाम सल्ला. कर्नाक म्हणजे दीड-दोन हजार वर्षांची भर एकमेकींवर चढलेली जागा. तिथे नवखा माणूस गोंधळतोच. लक्सरमध्येच, नाईलच्या पश्चिम काठावर, मेदिनेत हाबू आहे. पहिली सकाळ तिथे घालवा. मुख्य देऊळ जवळजवळ पूर्णपणे एकाच राजाचं, तिसऱ्या रामसेसचं (सुमारे इ.स.पू. ११८४ ते ११५३). गर्दीही कमी असते.

इथे देवळाचा साचा शिकून घ्या. समोर दोन उतरत्या भिंतींचं प्रचंड दार, म्हणजे पायलॉन. मग उघडं अंगण, मग खांबांचा मंडप, मग लहान होत जाणाऱ्या खोल्या आणि शेवटी गाभारा. चालताना तीन गोष्टी अंगाला जाणवू द्या. जमीन हळूहळू चढत जाते, छत खाली येत जातं, उजेड कमी होतो. गाभारा म्हणजे आदिजलातून वर आलेली पहिली जमीन अशी कल्पना होती. मंडपातले खांब म्हणजे तिच्याभोवतीचं पपायरसचं बन.

आपल्या डोळ्यांना हे सगळं ओळखीचं वाटतं, आणि तिथेच फसायला होतं. या देवळात सामान्य माणूस दर्शनाला आत जात नसे. गाभाऱ्यात फक्त पुजारी जात. देव सणाच्या दिवशी होडीच्या आकाराच्या पालखीत बसून बाहेर येई, तेव्हा लोकांना त्याचं जे काही दर्शन होई ते होई. भिंतींवर मात्र प्रत्येक पूजा राजाच करताना दिसतो, कारण देवापुढे उभं राहण्याचा अधिकार नियमाने फक्त त्याचा. प्रत्यक्षात पूजा पुजारी उरकत. म्हणून 'राजा नैवेद्य दाखवतोय' या चित्रावरून तो त्या गावात कधी आला होता असं ठरवू नका. पुढे देंदेरा आणि एस्नाच्या देवळांत रोमन सम्राट फॅरोच्या, म्हणजे इजिप्तच्या राजाच्या, वेषात दिसतील. त्यांतल्या बहुतेकांनी इजिप्तच्या मातीला पाय लावलेला नाही.

मेदिनेत हाबूची बाहेरची उत्तरेकडची भिंत चुकवू नका. रामसेसच्या राजवटीच्या आठव्या वर्षी समुद्रमार्गे आलेल्या टोळ्यांशी झालेलं नाविक युद्ध तिथे कोरलंय. उलटलेली जहाजं, पाण्यात पडलेली माणसं. आतल्या बाजूला शत्रूंचे तोडलेले हात ढिगाने ओतून कारकून मोजणी करतायत. मग कार्टूशमध्ये बोट घालून पाहावंसं वाटेल (घालू नका), इतक्या खोल त्या कोरल्यात. आधीच्यांची नावं कशी सहज खरवडली गेली हे बघितलेल्या काळातलं हे काम आहे. वरवर कोरलेलं नाव टिकत नाही हे कारागिरांना पक्कं ठाऊक असणार.

याच राजाच्या राजवटीच्या २९व्या वर्षी राजांची थडगी बांधणाऱ्या दैर-एल-मदीना वस्तीतल्या कारागिरांनी धान्याचा पगार थकला म्हणून काम बंद पाडलं आणि जवळच्या देवळांमागे जाऊन बसले. कागदोपत्री नोंद असलेला हा सर्वांत जुना संप समजला जातो. देवळाच्या मागे गोदामं आणि कोठारं का असत, याचं उत्तर यात आहे. जवळच्याच रामसेउममध्ये, म्हणजे दुसऱ्या रामसेसच्या देवळात, कच्च्या विटांच्या कमानींची अशी कोठारं आजही उभी आहेत. देऊळ हे गावाचं धान्यभांडारही होतं.

पायरी ३ : संध्याकाळी लक्सरचं देऊळ, दोन राजांचा जोड

लक्सरचं देऊळ अंधार पडल्यावरही उघडं असतं. दिव्यांचा तिरका प्रकाश कोरीवकामाला फार मानवतो. इथे शिकायचं ते सांधे ओळखायला. आतला भाग अमेनहोटेप तिसऱ्याचा (सुमारे इ.स.पू. १३९० ते १३५२). बाहेरचं अंगण आणि पायलॉन दुसऱ्या रामसेसचा (सुमारे इ.स.पू. १२७९ ते १२१३).

पायलॉनच्या दारात मधोमध उभं राहून सरळ आत बघा. आतले खांब समोर येत नाहीत, बाजूला सरकलेले दिसतात. रामसेसचं अंगण चक्क तिरकं आहे. देऊळ एका हाताने एका वेळी बांधलेलं नाही याचा एवढा ढळढळीत पुरावा दुसरीकडे मिळायचा नाही. त्याच अंगणातले काही उभे पुतळे मुळात अमेनहोटेपचे. रामसेसने नाव बदलून घेतलं.

मधली १४ खांबांची वाट तर गंमतच आहे. अमेनहोटेपने उभारायला घेतली. भिंतींवर ओपेत सणाची मिरवणूक तुतानखामूनच्या काळात कोरली. नंतरचा राजा होरेमहेब याने तुतानखामूनची नावं काढून आपली घातली. मिरवणुकीत बैल, ढोलकरी, कसरती करणाऱ्या मुली आहेत. तिथे घाई करू नका. आणि अगदी आत, अमेनहोटेपच्या खोलीत, देवाची होडी-पालखी ठेवायचं एक छोटं देवघर आहे, ते अलेक्झांडरच्या नावाने. तेव्हा 'जेवढं आत तेवढं जुनं' हा नियम उपयोगी असला तरी डोळे मिटून लावायचा नाही.

दाराशी एकच सूचिस्तंभ (ओबेलिस्क) आहे. जोडीतला दुसरा १८३६ पासून पॅरिसच्या चौकात उभा आहे. अंगणात उंचावर अबू हज्जाजची मशीद दिसते. ती बांधली तेव्हा देऊळ मातीने भरलेलं होतं, म्हणून तिचं जुनं दार आता हवेत लोंबकळल्यासारखं वाटतं.

पायरी ४ : आता कर्नाक, आणि तेही उलटं

सकाळी दार उघडायच्या वेळी पोचा. लोक पहिल्या पायलॉनपाशी फोटोंना थांबतात. तुम्ही थांबू नका. सरळ मधल्या वाटेने गाभाऱ्यापर्यंत चालत जा आणि तिथून बाहेर येत येत बघा. तासभर तरी गर्दी तुमच्या मागे राहते.

गाभाऱ्यामागचं मोकळं अंगण सगळ्यात जुनं. बाराव्या राजवंशाचं देऊळ इथे होतं. आता जवळपास काही उरलेलं नाही. त्याच्या पलीकडे थुटमोस तिसऱ्याचा उत्सवमंडप. तिथले खांब खाली बारीक आणि वर जाड, तंबूच्या काठ्यांसारखे. मागच्या एका दालनात राजाने सीरियाच्या मोहिमांत पाहिलेली झाडं, पक्षी, जनावरं कोरलीत. बहुतेक गट इथवर येतच नाहीत. या बाजूला फिरत्या पहारेकऱ्यांपैकी कुणी हाताने खूण करून "इकडे या" म्हणेल. त्याला हवं असतं बक्षीश, शब्द आपल्याच ओळखीचा. सुटे पैसे खिशात ठेवा, नको असेल तर हसून मान हलवा.

परत गाभाऱ्यात. ग्रॅनाइटचं होडीघर जुनं वाटतं, पण ते अलेक्झांडरचा सावत्र भाऊ फिलिप अरिडियस याच्या नावाचं. थुटमोस तिसऱ्याच्या होडीघराच्या जागी बसवलेलं.

पुढे चौथ्या-पाचव्या पायलॉनच्या मध्ये हॅटशेप्सूटचा सूचिस्तंभ, सुमारे २९ मीटर उंच, ३०० टनांहून जड, अखंड ग्रॅनाइट. अस्वानच्या खाणीत तो सोडवायला सात महिने लागले असं तिनेच त्यावर कोरून ठेवलंय. खालचा भाग वरच्यापेक्षा वेगळ्या रंगाचा दिसतो. थुटमोस तिसऱ्याने भोवती दगडी भिंत घालून तो झाकून टाकला होता. झाकल्यामुळे ऊन-वारा लागला नाही आणि लपवायचा होता तोच मजकूर उत्तम राहिला. जोडीतल्या दुसऱ्याचं टोक पवित्र तळ्याकाठी आडवं पडलंय. ते जवळून बघता येतं, हा एक फायदा.

तिसरा पायलॉन अमेनहोटेप तिसऱ्याचा. उभा भाग थोडका, पण त्याच्या पोटात मोडलेल्या जुन्या वास्तूंचे दगड भरलेले निघाले. त्यांतूनच सेनुस्रेत पहिल्याचं (इ.स.पू. विसावं शतक) चुनखडीचं पांढरं देवघर विसाव्या शतकात पुन्हा जोडलं गेलं. आवारातल्या खुल्या संग्रहालयात ते उभं आहे. शेजारीच हॅटशेप्सूटचं लाल देवघर. त्याचा प्रत्येक दगड आधी वेगळा कोरून मग रचलेला, त्यामुळे जोडणाऱ्यांची चांगलीच परीक्षा झाली. संग्रहालयाचं तिकीट वेगळं आहे का ते आत शिरतानाच विचारा. मागाहून परत जाण्याचं त्राण राहत नाही. कर्नाकमधलं सगळ्यात नाजूक कोरीवकाम बघायचं असेल तर ते इथे आहे, मोठ्या मंडपात नाही.

पायरी ५ : १३४ खांबांत बाप आणि लेक वेगळे काढा

कर्नाकचा हा खांबांचा मोठा मंडप म्हणजे आपल्या पद्धतीची परीक्षा. मधले १२ खांब सुमारे २१ मीटर उंच, बाजूचे १२२ त्याहून ठेंगणे. १८९९च्या ऑक्टोबरात यातले ११ खांब कोसळले आणि पुन्हा उभे केले, हे आज सांगूनही पटत नाही.

कार्टूशकडे जायच्या आधी नुसतं कोरीवकाम बघा. उत्तरेच्या अर्ध्या भागात आकृती भिंतीच्या पातळीवरून वर उठून आल्यात, भोवतीचा दगड तासून काढलाय. हे सेतीचं. दक्षिणेला आकृतीची कडा आत खणलेली आणि आकृती पातळीच्या आतच. हे त्याच्या मुलाचं, दुसऱ्या रामसेसचं. पहिल्या तऱ्हेला वेळ आणि हात दोन्ही लागतात. दुसरी झटपट होते, उन्हात ठसठशीत दिसते आणि पुसायला अवघड. रामसेसनेही सुरुवात बापासारखीच केली होती, मग मध्येच तऱ्हा बदलली, आणि आधीचं काही काम पुन्हा खोल करून घेतलं. दक्षिण भागात असे दुहेरी ठसे शोधा. एक हात, दोन बाह्यरेषा. मधल्या मिरवणुकीच्या वाटेवर त्याने बापाची काही नावंही आपल्या नावाखाली घातली. पुढे चौथ्या रामसेसला उरलेली जागा मिळाली, त्याने खांबांवर मिळेल तिथे आपलं नाव भरून घेतलं.

इथे दोन व्यवहारी सूचना. दुपारी बाराला उन्हात काहीच दिसत नाही. सकाळी नऊच्या आत किंवा दुपारी तीननंतर या. आणि छोटी दुर्बीण आणा. खांबांच्या माथ्यावर, तुळयांच्या खालच्या बाजूला जुना रंग शिल्लक आहे, तो मोबाईलच्या झूममध्ये येत नाही.

बाहेर पडताना उत्तर भिंतीवर सेतीच्या लढाया आणि दक्षिण बाजूला रामसेसचा हित्ती (आजच्या तुर्कस्तानातल्या) राजाशी झालेला तह. शेवटी पहिल्या पायलॉनशी या, जिथून सगळे सुरू करतात. ११३ मीटर रुंद, आणि पूर्ण देवळातला सर्वांत उशिराचा. नेक्टानेबो पहिल्याच्या (इ.स.पू. ३८० ते ३६२) काळचा समजला जातो. नाव कोरलेलंच नाही, कारण काम अर्धवट राहिलं. दगड घासायचे राहिलेत, आणि आतल्या बाजूला कच्च्या विटांच्या उतरणीचे अवशेष तसेच आहेत. दगड वर कसे चढवत याची इतकी साधी साक्ष समोर असताना लोक परग्रहवासीयांच्या गप्पा मारत तिच्यासमोरून निघून जातात.

पायरी ६ : खोडलेलं वाचायला शिका

दैर-एल-बहारी, हॅटशेप्सूटचं (सुमारे इ.स.पू. १४७९ ते १४५८) कड्याला टेकलेलं देऊळ, त्यासाठी उत्तम. दोन वेगळ्या खोडाखोडी इथे एकाच भिंतीवर सापडतात.

पहिली तिची स्वतःची. तिच्या मृत्यूनंतर सुमारे वीस वर्षांनी थुटमोस तिसऱ्याने तिच्या आकृत्या छिनून काढवल्या आणि नावांच्या जागी आपल्या बापाची-आजाची नावं घातली. पण खोडणाऱ्यांनी मजकुरातलं स्त्रीलिंग तसंच सोडलं. पावासारखा छोटा अर्धगोल हे स्त्रीलिंगी 'त'चं चिन्ह. पुरुष राजाच्या नावाआधी बदकाशेजारी हा अर्धगोल दिसला, म्हणजे 'पुत्र'ऐवजी 'कन्या' लिहिलेलं दिसलं, की समजायचं, इथे मुळात हॅटशेप्सूट होती. १८२९ साली चित्रलिपी उलगडणारा शांपोलियोंही इथे याच लिंगाच्या घोळाने चक्रावला होता.

दुसरी खोडाखोड अमेनहोटेप तिसऱ्याचा मुलगा अखेनातेन याच्या माणसांची. सूर्यबिंब-देव आतेन सोडून त्याला कर्नाकचा मुख्य देव आमून नको होता, म्हणून आमूनचं नाव आणि आकृती देशभर फोडली. त्याच्या स्वतःच्या बापाच्या नावातला 'आमेन'ही सुटला नाही. नंतरच्यांनी ते सगळं पुन्हा कोरलं. भिंतीवर हात फिरवल्यासारखी नजर फिरवा. आमूनपाशी पृष्ठभाग थोडा खोल आणि खडबडीत लागतो. पुढे अखेनातेनची देवळंही मोडली गेली. त्यांचे हाताळायला सोपे छोटे ठोकळे होरेमहेबने बांधलेल्या कर्नाकच्या दुसऱ्या पायलॉनच्या पोटात गेले.

पूर्ण एक दिवस मोकळा असेल तर गाडी करून अबिदोसला सेतीच्या देवळात जा. सेतीचं उठावाचं काम तिथे शिगेला पोचलंय, आणि एका बोळात ७६ राजांची यादी आहे. त्यात हॅटशेप्सूट नाही, अखेनातेन नाही, तुतानखामून नाही. आपली वही काढून कोण गाळलंय ते मोजा.

पायरी ७ : ग्रीक काळातलं देऊळ दुरून ओळखा

लक्सरहून अस्वानकडे जाताना एदफू आणि कोम ओम्बो वाटेवर लागतात. एदफू सर्वांत शाबूत असल्याने सगळे त्याला 'प्राचीन' म्हणतात. पण त्याचा पाया इजिप्तवर राज्य करणाऱ्या ग्रीक घराण्यातल्या टॉलेमी तिसऱ्याने इ.स.पू. २३७ मध्ये घातला आणि काम इ.स.पू. ५७ ला संपलं. दुसरा रामसेस मरून तोवर हजारावर वर्षं झाली होती. खुणा अशा: दर्शनी खांबांच्या मध्ये कमरेच्या वर येणारी भिंत, खांबांच्या माथ्यांवर प्रत्येकी वेगळी फुलं-पानं, आकृत्या गुबगुबीत, बेंबी खोल, आणि कार्टूशमध्ये चिन्हं खच्चून भरलेली. तिथे आपली सात नावं चालत नाहीत. 'टॉलेमी'साठी डावीकडून नाहीतर उजवीकडून सुरुवातीला छोटा चौकोन (प), अर्धगोल (त) आणि मग सिंह (ल) शोधा. एवढं पुरतं.

अस्वानला फिलेचं देऊळ होडीने गाठावं लागतं. ते दगड न् दगड सोडवून १९७० च्या दशकात शेजारच्या अगिल्किया बेटावर हलवलंय. तिथेच २४ ऑगस्ट ३९४ या दिवसाचा मजकूर आहे, चित्रलिपीतला शेवटचा तारखेनिशी सापडलेला. अबू सिंबेलसाठी अस्वानहून पहाटे निघावं लागतं. ते पूर्णपणे दुसऱ्या रामसेसचं, त्यामुळे कोडं काहीच नाही. नुसतं बघत उभं राहायचं.

देंदेरा मात्र शेवटी ठेवा. लक्सरच्या उत्तरेला, कनाजवळ. इ.स.पू. ५४ मध्ये बाराव्या टॉलेमीने सुरू केलेलं हाथोरचं देऊळ. मागच्या भिंतीवर क्लिओपात्रा आणि तिचा मुलगा सीझेरियन भल्या मोठ्या आकारात आहेत. मग आत या. राजा तोच नैवेद्य घेऊन उभा आहे, मुकुट आहे, रोप-मधमाशी आहे, बदक-सूर्य आहे, कार्टूशची चौकटही आहे. तिच्या आत काहीच नाही. एकीमागून एक, भिंतभर. सत्तेवर कोण टिकेल याचा कारागिरांना अंदाज येईना, म्हणून त्यांनी नावाची जागा मोकळी ठेवली असावी. तुमच्या वहीत या फोटोंखालीही नाव लिहायचं नाही. 'रिकामं' एवढंच लिहा.